दाराच्या पोटातलं पाणी आणि पत्र्यातली रिकामी भोकं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात भाचा आमच्याकडे, गोव्यातल्या साखळी गावी आला, तेव्हा तीन दिवस पावसानं उसंत दिली नव्हती. गाडी अंगणात लावून त्यानं मागचं दार उघडलं आणि दारातून आवाज आला. खळ्ळ. त्यानं दार पुन्हा हलवलं. पुन्हा खळ्ळ. "मावशी, दाराच्या खणात पाण्याची बाटली राहिलीय बहुतेक," असं म्हणत तो खण चाचपू लागला. बाटली नव्हतीच. पाणी दाराच्या पोटात होतं.

मी परसातून खराट्यातला एक जाड हीर उपसून आणला. गुडघ्यावर बसून दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवलं. तिथं, जिथं आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांवर दुमडलेला असतो त्याच्या अंमळ आत, तीन बारीक फटी असतात. तिन्हींत तांबडी माती घट्ट बसली होती. हिराचं टोक पहिल्या फटीत घालून दोनदा फिरवलं, तर आधी मातीची गोळी पडली आणि मग तांबड्या पाण्याची धार लागली. तपेलं लावलं असतं तर निम्मं भरलं असतं.

भाचा बघतच राहिला. "म्हणजे कंपनीनंच दाराला खालून भोकं पाडून दिलीयत?"

हो, कंपनीनंच. दाराच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला जी रबरी पट्टी असते ती काच पुसते, पण पाणी पूर्ण अडवत नाही. काच वर-खाली व्हायची तर ती पट्टी तेवढी सैल ठेवावीच लागते. त्यामुळे पावसाचं पाणी काचेवरून ओघळून दाराच्या आत उतरणार, हे गाडी बनवणाऱ्यानं आधीच धरलेलं असतं. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो, म्हणून ते पाणी तुमच्या मांडीवर येत नाही. ते तळाला जातं आणि त्या फटींतून बाहेर पडतं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि वर ही लोण्यासारखी बारीक तांबडी माती. ती पाण्याबरोबर दारात उतरते, तळाला बसते, उन्हाळ्यात वाळते आणि फट बुजवते. पुढच्या पावसात दाराचं तळं होतं.

यावर तो जे बोलला त्यासाठी हे लिहायला बसले. म्हणाला, "मला वाटायचं, गाडीत एवढी रिकामी भोकं असतात म्हणजे जोडताना स्क्रू लावायचे राहून गेले असणार."

मी होंड्याच्या औद्योगिक वसाहतीत एका प्रेस शॉपमध्ये एकवीस वर्षं तपासणी विभागात काढली. होंडा म्हणजे आमच्या सत्तरी तालुक्यातलं गाव; जपानी कंपनीचा आणि त्याचा योग नावापुरताच. तिथं आम्ही पत्र्याचे पार्ट काढायचो: ब्रॅकेट, क्रॉस मेंबर, मजबुतीच्या पट्ट्या, गाडीच्या अंगाखाली जाऊन पुन्हा कुणाच्या दृष्टीला न पडणाऱ्या गोष्टी. एकवीस वर्षांत मी जितकी भोकं मोजली तितकी माणसंसुद्धा बघितली नसतील. "स्क्रू राहिला" हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण त्या रिकाम्या भोकांपायी किती लोकांनी किती रात्रपाळ्या काढल्यात ते मी बघितलंय.

मी नवीन होते तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता. पहिल्याच आठवड्यात तळहाताएवढं एक ब्रॅकेट माझ्याकडे तपासायला आलं. त्याला चार भोकं. दोन बोल्टची, ती ड्रॉइंगवरून कळत होती. उरलेली दोन मात्र कुठंच लागत नव्हती. एक ८ मिलिमीटरचं गोल आणि दुसरं तेवढ्याच रुंदीचं पण लांबट. वर ड्रॉइंगमध्ये बोल्टच्या भोकांना मापात सूट बऱ्यापैकी, आणि या बिनकामाच्या गोल भोकाला अधिक ०.१ मिलिमीटर, उणे शून्य. म्हणजे जे वापरायचं नाही तेच सगळ्यात काटेकोर. मी आमच्या मेस्त्रींना विचारलं, की ड्रॉइंगमध्ये काही चुकलंय का.

मेस्त्री काही बोलले नाहीत. ब्रॅकेट हातात घेऊन मला वेल्डिंग शॉपमध्ये घेऊन गेले. तिथं लोखंडी टेबलावर जिग होता, म्हणजे वेल्ड करताना पार्ट जागेवर धरणारा साचा, आणि जिगवर दोन पिना उभ्या होत्या, डोक्याकडे निमुळत्या. त्यांनी ब्रॅकेट पिनांवर सोडलं. टक असा आवाज झाला आणि ते बसलं. मला म्हणाले, हलवून बघ. हललं नाही. मग त्यांनी ते उचलून फक्त एका पिनेवर बसवलं आणि बोटानं ढकललं. ब्रॅकेट गर्रकन फिरलं.

"घरी जातं आहे ना?" त्यांनी विचारलं. "एका खुंट्यावर जातं फिरतं. फिरायला नको असेल तर दुसरी खुंटी लागते."

आणि मग दुसरं भोक लांबट का, तेही त्यांनीच सांगितलं. दोन्ही भोकं गोल आणि नेमकी असती, तर त्यांच्यामधलं अंतर दोन पिनांमधल्या अंतराशी केसभरसुद्धा चुकून चालणार नाही. एकात गेलं तर दुसऱ्यात अडकेल. पत्रा म्हणजे काही खडक नाही. वाकवल्यावर तो थोडा उलटा येतो, प्रत्येक गुंडाळीचा स्वभाव निराळा. म्हणून गोल भोक पार्टला जागेवर धरतं आणि लांबट भोक फक्त फिरू देत नाही. लांबीच्या दिशेनं ते पार्टला थोडा श्वास घेऊ देतं. एवढी साधी गोष्ट. गाडीची संपूर्ण बॉडी, शेकडो पार्ट आणि हजारो स्पॉट वेल्ड, या गोल-आणि-लांबट जोडीच्या जोरावर जुळते. दार बंद करताना "धप्प" असा एकसंध आवाज येतो ना, त्याची सुरुवात कुठल्यातरी ब्रॅकेटच्या दोन रिकाम्या भोकांत झालेली असते.

वेल्ड झालं की त्या भोकांचं काम संपलं. पुढं गाडी पंधरा वर्षं धावेल, पण ती भोकं तशीच रिकामी. ती बुजवत का नाहीत? बुजवणं हे आणखी एक काम, आणखी एक खर्च, आणि बुजवलेली जागा पुन्हा गंजायची वेगळी भीती. शिवाय त्याच भोकांची पुढं गरज पडते, त्याकडे येतेच.

प्रेस शॉपमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा, फुकटचं भोक कुणी ठेवत नाही. बाहेरच्याला वाटतं, पत्र्याला भोक पाडायला काय लागतं, एक दणका. दणका एकच, हे खरं. पण त्या दणक्यामागं एक पंच असतो, भोक पाडणारा धारदार दांडा. पंचाची धार जाते. धार गेली की भोकाच्या कडेला बर येतो, म्हणजे पत्र्याची उचललेली खरबरीत कड, तो बर पार्टला जिगवर नीट टेकू देत नाही. पंच काढून घासावा लागतो, कधी मध्येच तुटतो. भोकातून निघालेली पत्र्याची टिकली खाली पडायची सोडून पंचाला चिकटून वर येते, खालच्या साच्यावर, म्हणजे डायवर बसते, आणि पुढच्या पार्टवर खड्डा पाडते. एका रात्रपाळीत असाच एक पंच तुटला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. सकाळी माझ्यासमोर तीन पेट्या पार्ट, बोल्टची भोकं अगदी ठीक, वापरात न येणारं ते गोल भोक तेवढं नाही. गाडीत बसवायचं तर काहीच अडत नव्हतं. पण जिगवर बसवायचं तर पार्टला धरायला काही नव्हतं. तीनही पेट्या भंगारात गेल्या. प्रत्येक भोक असं जिवाला घोर लावणारं असताना डिझाइन करणारा एकही भोक उगाच कसं ठेवेल?

काही भोकं तर पार्ट प्रेसमधून बाहेर यायच्या आधीच आपलं काम आटोपतात. प्रोग्रेसिव्ह डाय म्हणजे एकाच डायमध्ये ओळीनं पाच-सहा ठाणी. पत्र्याची पट्टी दर दणक्याला एकेक ठाणं पुढं सरकते. पहिल्या ठाण्यावर पायलट भोक पडतं. पुढच्या प्रत्येक ठाण्यावर एक पिन त्या भोकात शिरते आणि पट्टीला ओढून नेमकी जागेवर आणते. (आमच्याकडे मोटारसायकलवर प्रवासी नेणाऱ्याला पायलट म्हणतात. मला हा शब्द दोन्हीकडे चपखल वाटतो. वाट दाखवायचं काम दोघांचंही.) बऱ्याचदा ते भोक भंगाराच्या पट्टीत जातं, पण जागा नसेल तर पार्टमध्येच राहतं.

नोकरीत असताना एकदा मला पुण्याकडे एका मोठ्या कारखान्यात पाठवलं होतं. आमच्या पार्टबद्दल तक्रार होती, त्यासाठी. काम दोन तासांत झालं आणि तिथल्या एका इंजिनिअरबाईंनी विचारलं, रंगाची टाकी बघणार का? ती मी बघितली नसती तर अर्धी भोकं मला कळलीच नसती.

गाडीचा नुसता पत्र्याचा सांगाडा, ना काच ना चाक, वरच्या साखळीला लटकून येतो आणि एका लांबलचक टाकीत बुडतो. टाकीत पाण्यात मिसळलेला रंग. सांगाड्याला विजेचं ऋण टोक जोडलेलं, टाकीत धन टोक, मध्ये २०० ते ४०० व्होल्टचा दाब. रंगाचे कण विजेनं ओढले जाऊन पत्र्यावर बसतात. सीईडी म्हणतात याला, कॅथोडिक इलेक्ट्रोडिपॉझिशन. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रुअर यांनी १९६० च्या आसपास विजेनं रंग चढवण्याची ही पद्धत उभी केली, तेव्हा सांगाडा धन टोकाला असायचा. टोकं उलटी करून आजची पद्धत आली ती १९७० च्या दशकात, आणि गंज तिनं फारच कमी केला. थर २० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे आपल्या केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. गाडीवरचा जो रंग आपण बघून विकत घेतो तो शोभेचा. गंजाशी झुंजतो तो हा खालचा पातळ थर.

आता विचार करा. दाराखालची पट्टी, खांब, तळाचे दांडे, हे सगळे दोन पत्रे जोडून केलेले पोकळ डबे. त्यांना भोकं नसतील तर रंग आत जाणार कुठून? एकच भोक असेल तर रंग शिरेल, पण आतली हवा वर अडकेल. पालथा पेला पाण्यात दाबल्यावर अडकते तशी. जिथं हवा तिथं रंग नाही, जिथं रंग नाही तिथं गंज. म्हणून खाली भोक आणि वरही भोक. वीजसुद्धा बंद डब्यात सहज शिरत नाही, बाहेरच्या पत्र्यावरच थांबते. तिलाही आत जायला वाट लागते. आणि बाहेर येताना आतला रंग पूर्ण निथळायला हवा, नाहीतर तो पुढच्या टाकीत सांडतो, आणि भट्टीत १६० ते १८० अंशांवर उकळून फटीतून बाहेर येऊन ओघळ पाडतो.

तो सांगाडा टाकीतून वर आला तेव्हा काचेमागून बघितलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. तो थोडा तिरका झाला, आणि त्याच्या अंगाखालच्या प्रत्येक भोकातून धारा सुटल्या. आमच्या कौलांच्या घराला आषाढात पागोळ्या लागतात, अगदी तशा, एका ओळीत. मी आयुष्यभर एकेक भोक मोजत आले होते. ती सगळी एकदम कामाला लागलेली मी तेव्हाच बघितली.

रंग वाळला की त्यातल्या बऱ्याच भोकांवर रबराची बुचं बसतात. डिकीतली चटई उचला, स्टेपनी काढा, रुपयाएवढी काळी बुचं दिसतील. ती त्याच टाकीच्या आठवणी. धूळ, पाणी आणि आवाज आत येऊ नये म्हणून ती लावतात. एखादं हरवलं तर एवढंसं बूच म्हणून सोडून देऊ नका. पावसात रस्त्यावरचं पाणी तिथून सरळ चटईखाली येतं, आणि आपल्याकडे तर उंदीरही.

माझ्या पहिल्या गाडीची गोष्ट इथं सांगायलाच हवी. पावसाळ्याच्या तोंडावर तिला खालून गंजरोधक मारून घ्यायला दिली. तो काळा, डांबरासारखा लेप. संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर खालून काळीकुळकुळीत, एकसारखी, सुंदर दिसत होती. मी पैसे देऊन घरी आले. ज्या बाईनं दिवसभर भोकं मोजली ती बाई खाली वाकून बघायला विसरली, की दाराखालच्या पोकळ पट्टीची निथळायची भोकंसुद्धा लेपाखाली गाडली गेलीत. चार पावसाळे गेले. पाचव्या वर्षी जॅक लावला आणि जॅक पट्टीच्या आत शिरला. वरून रंगाला ओरखडा नव्हता, आतून पत्र्याचा पापड झाला होता. गंज थांबवायला मारलेल्या लेपानंच पाणी आत कोंडून ठेवलं होतं. ज्यानं मारलं त्यानं मन लावून मारलं होतं, एकही जागा सोडली नव्हती. नेमक्या त्याच जागा सोडायला हव्या होत्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, की गंजरोधक जरूर मारा, पण आधी भोकांवर चिकटपट्टी लावायला सांगा, आणि नंतर ती काढली की नाही ते स्वतः बघा. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर नक्कीच. खारा वारा भिंतीतल्या खिळ्याला सोडत नाही, तो मिलिमीटरभर पत्र्याला सोडेल?

मग भाच्यानं विचारलं, डॅशबोर्डच्या मागं, बॉनेटखाली, आट्यांची रिकामी भोकं दिसतात ती कसली? त्यांना तर नट पण वेल्ड केलेला असतो.

ती दुसऱ्या गाडीची. म्हणजे त्याच गाडीच्या दुसऱ्या भावंडाची. एकच पत्रा पेट्रोलला, डिझेलला, साध्या मॉडेलला आणि महागड्याला. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, परदेशी जाणाऱ्या गाडीत डावीकडे. दोघांचे ब्रॅकेट बसायची भोकं एकाच पत्र्यात पाडून ठेवतात. प्रत्येक प्रकाराला वेगळा पार्ट काढायचा तर वेगळा नंबर, वेगळी पेटी, वेगळी जागा, आणि घाईत चुकीचा पार्ट चुकीच्या गाडीला लागायची धास्ती. त्यापेक्षा चार भोकं जास्त परवडतात. मला हे आमच्या घरातल्या माटोळीसारखं वाटतं. देवाच्या खोलीत वर ती लाकडी चौकट आणि तिच्या कड्या वर्षभर रिकाम्या लोंबतात. परका माणूस विचारेल, या कड्या कशाला? गणेशचवथीला या म्हणावं, फळं-भाज्या टांगल्यावर एकही कडी रिकामी दिसणार नाही.

ट्रकच्या चासीला तर भोकांच्या रांगाच असतात. आमच्या भागात ट्रक म्हणजे टिपर. लोखंडाच्या खाणी चालू होत्या तोवर प्रत्येक वाड्यावर दोन-चार उभे असायचे, माझ्या मामेभावाकडेही एक होता. चासीचे दोन लांब दांडे, त्यांच्या उभ्या भागावर ओळीनं भोकं: टाकी इथं बसेल नाहीतर तिथं, बॅटरी पुढं नाहीतर मागं, मागचा धुरा जवळ नाहीतर लांब. पण नीट बघा, भोकं उभ्या भागावर असतात. वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला शक्यतो हात लावलेला नसतो. ओझं आलं की दांडा किंचित वाकतो. वरची पट्टी दाबली जाते, खालची ताणली जाते, आणि मधोमध जवळजवळ काहीच होत नाही. शहाणा सुतार तुळईच्या खालच्या कडेला खाच घेत नाही, ते याच कारणानं.

मामेभावाला अवजारांची पेटी लावायची होती. रांगेतली रिकामी भोकं चार बोटांवर होती. पण ज्याच्याकडे काम दिलं त्याला ती सोयीची वाटली नाहीत, त्यानं खालच्या पट्टीला दोन नवी भोकं पाडली. दीड वर्षात त्यातल्या एका भोकापासून कडेपर्यंत चीर गेली. दहा टन लाल माती घेऊन उतारावर असताना ती पुढं गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही. दुरुस्ती करणाऱ्यानं मग चिरेच्या टोकाला, जिथं ती संपत होती बरोबर तिथं, आणखी एक बारीक गोल भोक पाडलं आणि त्यानंतर चीर भरून वर पट्टी जोडली. मामेभाऊ गोंधळला, भोकानं चीर गेली आणि इलाज पण भोकच? हो. चिरेचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण त्या टोकावर एकवटतो आणि पत्रा पुढं फाटत जातो. टोक गोल केलं की ताण पसरतो. दोष भोकाचा नव्हता, जागेचा होता. २०१२ साली खाणी थांबल्या आणि तो टिपरही थांबला, पण ती चीर त्या भोकापुढं गेली नाही.

वजन कमी करायला पाडलेली भोकंही असतात, मोठी, ज्यांची कड आत वळवलेली असते. ती कड वळवल्यामुळे पत्रा उलट जास्त ताठ होतो, परातीच्या काठासारखा. काही भोकं निव्वळ हात किंवा वेल्डिंगची गन आत जावी म्हणून. काही पार्टला रंगाच्या साखळीवर आकडा अडकवायला. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूनं वाटीसारख्या गोल टिकल्या ठोकलेल्या दिसतात. ओतकामाच्या वेळी आतल्या वाळूच्या गाभ्याला आधार द्यायला आणि नंतर ती वाळू बाहेर काढायला ती तोंडं ठेवलेली असतात, मागाहून बंद केलेली.

आणि अपघात. मघाशी म्हटलं होतं, की जिगवरची भोकं पुन्हा उपयोगी पडतात. गाडी जोरात आदळली की बाहेरून ठोकून ती सरळ दिसू शकते, पण अंगानं वाकडी राहिलीय का हे डोळ्याला कळत नाही. चांगलं गॅरेज असेल तर तो माणूस गाडीखाली जातो आणि भोकापासून भोकापर्यंत मापं घेतो, तिरकी, उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत, आणि उलट. कंपनीच्या तक्त्यात ती अंतरं मिलिमीटरमध्ये दिलेली असतात. दहा वर्षांपूर्वी जी भोकं वेल्डिंगच्या पिनांवर बसली होती, तीच आता साक्ष देतात. त्यांच्यावर पुट्टी भरली तर साक्षीदाराचं तोंड बंद.

हे सगळं ओसरीवर बसून सांगताना मी कपाटातून ते ब्रॅकेट काढून आणलं. तेच, पहिल्या आठवड्यातलं. नमुन्याचा पार्ट, रंग न लागलेला. नोकरी सोडताना मागून घेतला होता. दर दोन महिन्यांनी त्याला तेलाचा हात देते, नाहीतर आमच्या हवेत ते एका श्रावणात तांबडं होईल. भाच्यानं ते उजेडाकडे धरलं आणि बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मावशी, या गोल भोकाच्या कडेला चमक आहे. बोल्टच्या भोकांना नाहीय."

पिन घासल्याची खूण. हा पार्ट कुठल्याच गाडीला लागला नाही, बोल्टची भोकं कोरीच राहिली. पण जिगवर मेस्त्रींनी तो मला दाखवायला चार-पाचदा बसवला होता, आणि त्यानंतर मी नव्या मुलींना दाखवायला कितीदा तरी.

पाऊस जरा ओसरला तसा तो उठला, खराट्यातला दुसरा हीर काढला आणि उरलेल्या तीन दारांपाशी बसला. पुढची दोन मोकळी होती. मागच्या डाव्या दाराच्या फटींवर मात्र कुठल्याशा जुन्या दुरुस्तीचा रंग जाड बसला होता, हीर मोडला. मी आतून प्लॅस्टिकची सुई आणून दिली, लोकरकामाची जाड. धातूची घेऊ नकोस म्हटलं, कडेचा रंग खरवडला तर तिथूनच गंज धरेल. त्यानं सावकाश कोरलं. थोड्या वेळानं पायरीवरून मला तो आवाज ऐकू आला, आधी थेंब थेंब, मग धार.